लेख वाचताना वाचक नेमका कुठे सुटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी भूगर्भशास्त्र शिकवतो. लोणारवर मराठीत लेख लिहिला. वाचणारे म्हणतात, माहिती छान आहे, पण मध्येच धागा सुटला. वर्गात मुलांना हेच सगळं नीट कळतं. मग लेखात उपशीर्षकं वाढवू का? 'आता आपण पाहू', 'वर सांगितल्याप्रमाणे' अशी वाक्यं घालू का? की भाषाच आणखी सोपी करू?" सोबत लेखातला एक परिच्छेदही दिला आहे.

मराठी नियतकालिकांसाठी विज्ञानलेखांचं संपादन मी बरीच वर्षं करत आले आहे, त्यामुळे हे गाऱ्हाणं ओळखीचं आहे. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. भाषा आणखी सोपी करू नका, आहे तेवढी पुरे. उपशीर्षकांचं नंतर बघू. अवघड शब्द आला म्हणून वाचक सहसा लेख सोडत नाही. तो जरा अडखळतो, पुढे कळेल असं म्हणून वाचत राहतो. तो सुटतो ते "हे मला आत्ता का सांगताहेत?" हे कळेनासं झालं की. त्यानंतरची वाक्यं एकेकटी कितीही सोपी असली तरी ती कुठे ठेवायची हे त्याला समजत नाही, आणि चार ओळींत तो दुसरीकडे वळतो.

वर्गात हे होत नाही, कारण तिथे तुम्हाला चेहरे दिसतात. मागच्या बाकावर चुळबूळ सुरू झाली की तुम्ही थांबता, एक पाऊल मागे जाता. मघाशी काढलेली आकृती फळ्याच्या कोपऱ्यात तशीच असते, तिच्याकडे नुसतं बोट दाखवलं तरी भागतं. "बरं, मग प्रश्न काय होता आपला?" असं तुम्ही तासाला सहज पाच-सहा वेळा म्हणत असाल आणि ते तुमच्या लक्षातही येत नसेल. लेखात चेहरे नाहीत, फळा नाही, बोट नाही. ती सगळी कामं वाक्यांच्या रचनेवर येऊन पडतात.

आता तुमचा परिच्छेद. तो इथे जसाच्या तसा देते:

"लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात असून त्याचा व्यास सुमारे १.८ किमी आहे. मास्केलिनाइट हे प्लॅजिओक्लेज या खनिजाचे काचसदृश रूप आहे. दख्खनचे पठार बेसॉल्ट खडकाचे बनलेले आहे. १९७३ मध्ये फ्रेड्रिकसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खळग्याच्या तळातून विंधनाद्वारे मिळवलेल्या नमुन्यांत मास्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध केले. ज्वालामुखीच्या उद्रेकात एवढा दाब निर्माण होत नाही. त्यामुळे हे विवर अशनीपाताने निर्माण झाले असे मानले जाते. त्याचे वय ५२ हजार वर्षे मानले जाते, तर काही संशोधकांच्या मते ते सुमारे साडेपाच लाख वर्षे आहे."

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण तिथे एक घसरण आहे. १.८ किलोमीटर हा विवराचा, म्हणजे काठापासून समोरच्या काठापर्यंतचा व्यास. तळाशी जे पाणी आहे त्याचा पसारा बराच कमी, सव्वा किलोमीटरच्या आसपास. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण लेखात एकाच गोष्टीला तुम्ही कधी सरोवर, कधी विवर, कधी खळगा म्हटलंय. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा वापरू नये असं शिकवलेलं असतं, त्याचा हा परिणाम. विज्ञानलेखात नाव बदललं की वाचकाला वस्तू बदलली असं वाटतं. विवराला शेवटपर्यंत विवर म्हणा आणि पाण्याला सरोवर. शब्द दहा वेळा आला तरी चालेल.

दुसरं वाक्य वाचताना मला तुमचा वाचक तिथेच थांबलेला दिसतो. बुलढाण्याचा पत्ता आणि व्यास वाचून झाल्यावर त्याच्या मनात मास्केलिनाइटबद्दल काहीच प्रश्न नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातात पडलंय. तिसरं वाक्य पुन्हा भलतीकडे, दख्खनच्या पठारावर. पाचव्या वाक्यात "एवढा दाब" आहे. एवढा म्हणजे केवढा? दाबाचा विषय आधी निघालेलाच नाही. तुमच्या डोक्यात सांधा पक्का आहे: मास्केलिनाइट म्हटलं की धडकेचा दाब आलाच. वाचकाच्या डोक्यात तो सांधा नाही, आणि नेमका तोच लिहायचा राहिला आहे.

असे सांधे वाचकावर सोडले तर काय होतं हे सुझन हॅव्हिलंड आणि हर्बर्ट क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मोजून दाखवलं. लोकांना त्यांनी वाक्यांच्या जोड्या वाचायला दिल्या आणि दुसरं वाक्य समजायला किती वेळ लागतो ते टिपलं. एका जोडीत आधी 'गाडीच्या डिकीतून बिअर काढली' अशा अर्थाचं वाक्य होतं, मग 'बिअर गरम होती'. दुसऱ्या जोडीत आधी नुसतं 'सहलीचं सामान तपासलं', मग तेच 'बिअर गरम होती'. दुसऱ्या जोडीला जास्त वेळ लागला. सामानात बिअरही असणार, हा दुवा वाचकाला स्वतःच्या मनात तयार करावा लागला, तो तेवढा वेळ. बिअर आणि सहल या रोजच्या गोष्टी, तरी हे. तुमच्या परिच्छेदात असे पाच-सहा दुवे वाचकाने तयार करायचे आहेत आणि तेही खनिजशास्त्रातले.

त्याहून मोठी अडचण परिच्छेदाच्या पोटात आहे. तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी सांगताय. एक विवराची गोष्ट: लाव्हा वाहिला, थर साचले, पुष्कळ काळाने अशनी आदळला, विवर पडलं, पाणी साचलं. दुसरी, हे सगळं माणसांना कसं कळलं त्याची गोष्ट: आधी काय वाटत होतं, शंका कुठे आली, पुरावा कुठे सापडला, अजून काय अडलंय. ग्रेग मायर्स नावाच्या अभ्यासकाने जीवशास्त्रातल्या लेखनाचा अभ्यास करून १९९० मध्ये या दोन प्रकारांतला फरक मांडला: शोधनिबंध शास्त्राच्या युक्तिवादाच्या क्रमाने चालतो, तर लोकांसाठीचा लेख बहुधा निसर्गाच्या घटनाक्रमाने. दोन्ही चालतात. गोंधळ होतो तो न सांगता एकातून दुसऱ्यात उडी मारली की. तुमच्या परिच्छेदात पहिल्या वाक्यात आज आहे, तिसऱ्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा काळ, चौथ्यात १९७३ आणि शेवटी पुन्हा हजारो-लाखो वर्षं मागे. यात वाचकाला काळाचा थांगच लागत नाही.

लोणारसाठी मी दुसरी गोष्ट पुढे ठेवेन, कारण लोणारची खरी गंमत तिच्यातच आहे. 'आकाशातून दगड पडला आणि खड्डा झाला' हे एका वाक्यात संपतं. ते कळलं कसं, याला मात्र शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एक मासलेवाईक वळणही आहे. अमेरिकेचा नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या प्रसिद्ध विवराबद्दल बोलताना लोणारशी त्याचं साम्य नोंदवलं होतं. साम्य अगदी बरोबर होतं. पण ॲरिझोनाचं विवर, जे खरं तर अशनीनेच पाडलेलं आहे, तेव्हा त्याच्या मते वाफेच्या स्फोटाने झालेलं होतं!

तुमचा परिच्छेद मी असा लिहून पाहिला:

"लोणारला काठावर उभं राहून खाली बघितलं की पहिला विचार ज्वालामुखीचाच येतो. सगळा दख्खन लाव्हाच्या थरांचा, आणि त्यात हे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं जवळजवळ गोल विवर. भूगर्भशास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण या कल्पनेत एक अडचण होती. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. विवराची कड मात्र अजून उठून दिसते, झिजून सपाट झालेली नाही. ज्वालामुखी थंड झाल्यावर इतक्या उशिरा हे विवर पाडलं कशाने? आकाशातून आलेल्या दगडाने, अशनीने, असं म्हणायचं तर त्याची खूण सापडायला हवी. अशनी स्वतः तर धडकेत जवळपास नाहीसा होतो. पण धडकेचा दाब जमिनीतल्या खनिजांवर छाप सोडतो, आणि तेवढा दाब ज्वालामुखीला जमत नाही. ही छाप शोधण्यासाठी सरोवराच्या तळातल्या गाळातून खाली विंधनं घेतली गेली. खालून आलेल्या खडकाच्या चुऱ्यात ती सापडली: बेसॉल्टमधल्या एका नेहमीच्या खनिजाची, न वितळताच झालेली काच. हिला मास्केलिनाइट म्हणतात. १९७३ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि लोणारचा ज्वालामुखी मागे पडला."

लांबी वाढली, कबूल. पण माहिती जवळजवळ तेवढीच आहे, आणि सोपी भाषा वगैरे काही खास केलेली नाही. फक्त प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून निघालंय. "पण या कल्पनेत", "ही छाप" या जोड बघा. नुसतं 'हे' किंवा 'त्यामुळे' लिहिलं असतं तर वाचकाने मागे वळून पाहिलं असतं: कशामुळे? 'हे' कुठलं? 'या'पुढे एक नाम ठेवलं, 'या कल्पनेत', 'ही अडचण', 'हा पुरावा', की मागच्या तीन वाक्यांची एक मूठ बांधली जाते आणि ती पुढच्या वाक्यात नेता येते. मराठीत हे करणं सोपं आहे, कारण आपल्याकडे शब्दांचा क्रम लवचीक आहे. वाचकाच्या ओळखीचं असेल ते वाक्याच्या सुरुवातीला आणा, नवं असेल ते क्रियापदाच्या जवळ ठेवा. "हिला मास्केलिनाइट म्हणतात" मध्ये 'ही' ओळखीची आहे, नाव नवं आहे. "मास्केलिनाइट हे अमुक खनिजाचे तमुक रूप आहे" हा कोशातला क्रम झाला. कोश उघडणाऱ्याला शब्द आधीच माहीत असतो, म्हणून तिथे तो चालतो.

जाता जाता, तुमचं चौथं वाक्य पुन्हा वाचा. "तळातून विंधनाद्वारे मिळवलेल्या नमुन्यांत मास्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध केले." मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'मिळवलेल्या', 'आढळल्याचे' अशी धातुसाधितं एकापुढे एक लावत गेलं की वाचकाला सगळं ओझं शेवटपर्यंत उचलून धरावं लागतं. शोधनिबंधाचा एका वाक्यात गोषवारा द्यायची सवय लागली की असं होतं. दोन-तीन वाक्यं करा.

परिभाषेबद्दल माझा नियम साधा आहे. आधी वस्तू दाखवायची, मग तिचं नाव सांगायचं, आणि नाव पुढे लागणार नसेल तर सांगायचंच नाही. मास्केलिनाइट पुढे लागणार आहे, ठेवा. प्लॅजिओक्लेज तुमच्या अख्ख्या लेखात पुन्हा आलेलं नाही. ते काढलं तर कुणाचं काही अडत नाही. बेसॉल्टला मराठी पारिभाषिक शब्द शोधत बसू नका. बेसॉल्ट शब्द शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेला असतो, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'आपला काळा दगड' एवढं म्हटलं की झालं.

न वितळता काच कशी होते, हा प्रश्न मात्र वाचक नक्की विचारेल आणि इथे एखादी उपमा उपयोगी पडेल. शाळेच्या मैदानावर मुलं प्रार्थनेला ओळीत उभी असतात. बाजूने जोराचा लोंढा घुसला की ओळी विस्कटतात. मुलं तीच, मैदान तेच, रांग तेवढी उरत नाही. स्फटिकातले अणू ओळीत असतात, काचेतले विस्कटलेले. मास्केलिनाइटमध्ये हे विस्कटणं उष्णतेने पातळ होऊन घडलेलं नाही, दाबाच्या एका तडाख्यात घडलंय. उपमा एवढंच काम करते आणि तिथेच तिला सोडून द्यायचं. पुढच्या परिच्छेदातही मुलं आणि घंटा आणि गुरुजी आले की वाचक खनिज विसरून शाळेत रमतो. उपमा कुठे लागू पडत नाही तेही एका वाक्यात सांगा. इथे म्हणाल की मुलं पुन्हा ओळीत उभी राहतात, हे अणू आपोआप राहत नाहीत, म्हणून तर हजारो-लाखो वर्षांनीही पुरावा शाबूत आहे. उपमा मोडते ती जागा पुष्कळदा सगळ्यात कामाची असते.

आता "असे मानले जाते". तुमच्या परिच्छेदात हे दोनदा आलंय, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे. पहिल्यांदा ते विवराच्या उगमाबद्दल आहे. दुसऱ्यांदा वयाबद्दल. पहिली गोष्ट आता पक्की आहे, दुसरीवर मतभेद आहेत. दोघांना एकच शेपूट लावल्याने वाचकाला दोन्ही सारख्याच डळमळीत वाटतात, किंवा सारख्याच पक्क्या. कोण मानतं, कशावरून मानतं, किती खात्रीने मानतं, यातलं काहीच ही कर्मणी रचना सांगत नाही. जिथे खात्री आहे तिथे सरळ विधान करा: "विवर अशनीच्या धडकेने झालं." जिथे मतभेद आहे तिथे मतभेदच दाखवा, तो दडपू नका.

वयाचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकलाय. माझ्या मते लेखातली सगळ्यात वाचनीय जागा तीच होऊ शकते. वाचकाला दोन आकडे दिसतात, ५२ हजार आणि साडेपाच लाख. पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्यात दहापटीचा फरक आहे हे शब्दांत म्हणा. हजार आणि लाख पुढेमागे आले की डोळा त्यावरून घसरतो. मग साहजिक प्रश्न येतो, एकाच विवराची दोन वयं कशी? इथे तुम्ही एक वाक्य खर्चून सांगू शकता की आता थोडा वेळ आपण विवर सोडून घड्याळांकडे बघणार आहोत. 'आता आपण पाहू' हे वाक्य मी लेखात ठेवते ते अशाच जागी, वाट खरोखर बदलत असताना आणि परत येण्याचं आश्वासन देऊन. बाकी सगळीकडे ते काढून टाकते.

आणि मग घड्याळं. १९९० च्या दशकात निघालेलं ५२ हजारांचं वय उष्णतादीप्तीच्या पद्धतीचं आहे. धडकेच्या उष्णतेत तयार झालेल्या काचेत आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत काच तापवली की ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. जितका प्रकाश जास्त, तितका काळ जास्त. पण साठवणीला मर्यादा असते आणि साठलेली ऊर्जा हळूहळू गळूही शकते, म्हणजे हे घड्याळ मागे पडण्याची शक्यता असते. दुसरं घड्याळ आर्गॉनचं. खडकातल्या पोटॅशियमचा एक प्रकार अत्यंत संथपणे क्षय पावतो आणि त्यातल्या काही भागाचा आर्गॉन वायू होतो. त्याला निम्मं व्हायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. खडक वितळला की आधी साठलेला आर्गॉन निघून जातो आणि घड्याळ शून्यावर येतं. या पद्धतीने २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं वय आणि त्याची नंतर झालेली फेरमोजणी साडेपाच ते साडेसहा लाख वर्षांच्या घरात आहे. इथली जोखीम उलट आहे: वितळताना जुना आर्गॉन पुरता निघाला नाही तर वय फुगतं. संशोधकांना हे माहीत असतं आणि तो हिशेब ते करतातही.

हे वाचल्यावर वाचकाला कळतं की 'काही संशोधकांच्या मते' म्हणजे दोन गटांचं भांडण नसून दोन घड्याळांच्या दोन तऱ्हा आहेत. यानंतर तुम्ही स्वतःचा कल सांगा. तुम्ही भूगर्भशास्त्रज्ञ आहात, तुमचा कल आर्गॉनकडे असेल तर तसं लिहा आणि कारण द्या. आपली मंडळी इथे फार संकोचतात. पण दोन आकडे समोर टाकून लेखक बाजूला झाला की वाचकाला वाटतं, यांनाच माहीत नाही तर मी कशाला डोकं लावू.

आकड्यांचं म्हणाल तर आपल्या भाषेत पाव, सव्वा, पाऊण, साडे यांची सोय आहे, ती वापरा. 'पावणेदोन किलोमीटर' कानाने ऐकू येतं, '१.८ किमी' डोळ्यांना नुसतं दिसतं. काटेकोर आकडा लागेल तिथे काटेकोरच द्यायचा. मात्र परिच्छेदात एकच. व्यास समजावायचा असेल तर काठावरून पूर्ण फेरी मारायला साडेपाच किलोमीटरहून जास्त चालावं लागेल असं सांगा, चालण्याचा अंदाज सगळ्यांना असतो. आणि कृपा करून 'दशलक्ष' नको. इंग्रजी बातम्यांच्या भाषांतरात तो सर्रास दिसतो, आणि '६६ दशलक्ष' वाचून मनात काही उभं राहत नाही. कोटीत लिहा.

'जगातील एकमेव बेसॉल्टमधील विवर' हे तुमच्या लेखात आहे, मराठीतल्या लोणारवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात असतं. १९७३ च्या निबंधात ते तसं म्हटलं होतं आणि तेव्हाच्या माहितीनुसार बरोबर होतं. नंतर ब्राझीलमध्ये बेसॉल्टवर झालेली वार्जेआँ आणि व्हिस्टा ॲलेग्रे ही विवरं ओळखली गेली. 'एकमेव', 'सर्वांत मोठे', 'पहिलेच' हे शब्द वाचकाला पुढे नेत नाहीत, फक्त टाळी मागतात.

मध्ये मध्ये विचारलेल्या प्रश्नांबद्दल. वरच्या परिच्छेदात मी एकच प्रश्न ठेवलाय: विवर पाडलं कशाने? तो वाचकाच्या तोंडून येऊ शकतो, कारण त्याआधी अडचण त्याच्यासमोर मांडली आहे. "मास्केलिनाइट म्हणजे काय?" हा प्रश्न वाचक विचारूच शकत नाही, हा शब्दच त्याने ऐकलेला नाही. तो लेखकाने स्वतःला विचारलेला प्रश्न आहे, गाइडमधल्यासारखा. प्रश्न लिहिला की एकदा स्वतःला विचारा: इथवर वाचलेला माणूस मोठ्याने काय म्हणेल? तोच प्रश्न लिहा. आणि एका वेळी एकच उघडा ठेवा, फार तर दोन.

याचा सगळ्यात जुना आणि सरळ धडा म्हणून मी नवीन लेखकांना थॉमस हक्सलीचं खडूवरचं व्याख्यान वाचायला सांगते. १८६८ मध्ये नॉर्विच शहरात त्याने ते कामगारांसमोर दिलं. सुरुवातच अशी की तुमच्या पायाखाली इथे विहीर खणली तर खणणाऱ्याला पांढरा खडूच लागेल. तिथून तो समुद्राच्या तळापर्यंत आणि प्राण्यांच्या उत्पत्तीपर्यंत जातो, पण खडू हातातून सोडत नाही. लोणारच्या लेखात तुमच्यासाठी ते काम ती काच करू शकते.

वाचकाला दुखावणारी काही वाक्यं आहेत, ती तुमच्या लेखातही सापडली. "आपल्याला माहीतच आहे की", "सहज लक्षात येईल", "उघडच आहे". ज्याला माहीत आहे त्याला ही वाक्यं नकोत; ज्याला माहीत नाही त्याला ती सांगतात की हा लेख तुझ्यासाठी नाही. 'आपण पाहूया, आपण समजून घेऊया' हा सूरही मोठ्या माणसांना शाळेत बसवतो. 'आपण' टाकायलाच हवं असं नाही, पण लेखक आणि वाचक दोघे खरंच एकत्र काही करत असतील तिथेच ते शोभतं, जसं एखादा हिशेब सोबतीने करताना.

"वर सांगितल्याप्रमाणे" पूर्ण काढा. फोनवर वाचणाऱ्याला 'वर' म्हणजे अंगठ्याने किती सरकवायचं हे कळत नाही, आणि तो सरकवणारही नाही. ज्या गोष्टीची आठवण द्यायची ती चार शब्दांत पुन्हा सांगा: 'न वितळताच झालेली ती काच'. झालं.

उपशीर्षकांचं राहिलं होतं. लेख त्यांच्याशिवाय सलग वाचता येत असेल तेव्हा ती द्या. दोन परिच्छेदांमधला सांधा तुटलाय म्हणून तिथे ठळक अक्षरात 'विवराचे वय' लिहिणं म्हणजे सांधा न जोडता त्यावर पाटी लावणं. दिलीत तर त्यात काही सांगणारं लिहा. 'एकाच विवराची दोन वयं' हे शीर्षक वाचून माणूस पुढे वाचतो.

तुमच्या लेखाच्या शेवटाकडे एका ओळीत असं आहे की २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. ही ओळ बघून मला हळहळ वाटली. त्या जूनमध्ये सगळं घरात बंद होतं आणि गुलाबी लोणारचे फोटो घराघरांत फिरत होते. तुमच्या वाचकाला विज्ञानातली दुसरी कोणतीही गोष्ट नसेल एवढी ही ओळखीची आहे. म्हणजे प्रश्न त्याच्या मनात आयताच आहे: पाणी रंगलं कशाने? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले. नमुन्याचं पाणी स्थिर राहिलं तसा रंग तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. या एका निरीक्षणावर मी परिच्छेद उभा करेन. रंग पाण्यात विरघळलेला असता तर खाली बसला नसता, मग त्यात काहीतरी तरंगत असणार, आणि ते म्हणजे खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया. पाणी आटून खारटपणा वाढला तशी त्यांची संख्या वाढली. पाच वाक्यांत पूर्ण होणारी ही गोष्ट आहे, आणि वाचक प्रत्येक वाक्याला तुमच्या अर्धं पाऊल पुढे असतो. लेखाची सुरुवात इथून करता येईल का, याचाही विचार करा. मला वाटतं करता येईल: पाण्यापासून खाली गाळ, गाळाखाली चुरा, चुऱ्यात काच.

पुन्हा लिहून झालं की तपासायची एक रीत सांगते. भूगर्भशास्त्राशी संबंध नसलेल्या कुणाला तरी, घरातलं कुणी असलं तरी चालेल, लेख वाचायला द्या. प्रत्येक परिच्छेदानंतर पुढचा मजकूर झाका आणि विचारा, "आता पुढे काय यायला हवं?" 'कळलं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पुढचं नेमकं ओळखता आलं नाही तरी हरकत नाही. पण "काय माहीत, काहीही येईल" असं उत्तर आलं, तर त्या परिच्छेदाच्या शेवटच्या दोन वाक्यांत काहीतरी राहिलंय. दुरुस्ती तिथे करा, पुढच्या परिच्छेदात नको.

शेवटचा परिच्छेद, 'निसर्गाच्या या अनमोल ठेव्याचे जतन करणे आपले कर्तव्य आहे' असा जो आहे, तो काढा. सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे सांगायचं असेल तर गुलाबी पाण्याच्या परिच्छेदात एका वाक्यात बसेल. त्या जागी १९७३ च्या निबंधातलाच एक मुद्दा घ्या, जो तुम्ही सोडून दिलाय: लोणारच्या चुऱ्यातले काचेचे बारीक गोळे अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांतल्या गोळ्यांशी फार जुळतात, कारण तिथेही बेसॉल्टच आहे आणि त्यावरही अशनीच आदळलेत. बुलढाण्यातून वाचक चंद्रावर जाऊ शकत असेल तर त्याला तिथेच सोडा.